आइसलँडचा फुटबॉल हंगाम कसा वाचायचा: साखळी, चषक आणि मधली विभागणी

आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या यापेक्षा जास्त भरली होती. एवढ्याशा देशात पुरुषांच्या साखळीचे सहा थर आहेत, महिलांची स्वतंत्र उतरंड आहे, दोन बाद पद्धतीचे चषक आहेत आणि हिवाळ्यात छपराखाली चालणाऱ्या स्पर्धाही आहेत. पहिल्यांदा गुणतक्ता उघडणारा माणूस इथे हमखास गोंधळतो. म्हणून हे मार्गदर्शन पायरीपायरीने दिले आहे. यातली रचना २०२५च्या हंगामापर्यंतची आहे. आइसलँडच्या फुटबॉल संघटनेची, म्हणजे केएसआयची, वार्षिक सभा फेब्रुवारीत भरते आणि नियमातले बदल तिथे मंजूर होतात. त्यामुळे नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम एकदा नजरेखालून घालावेत.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. संघ मोजके आहेत, अंतरे लांब आहेत आणि मैदानावर खेळता येईल असे महिने थोडे आहेत. इथला जवळजवळ प्रत्येक नियम या तीन अडचणींतून निघालेला आहे. एखादा नियम विचित्र वाटला की यातली कोणती अडचण तो सोडवतो ते शोधा, उत्तर बहुधा सापडते.

पहिली पायरी: नावे ओळखा

गुणतक्त्यात केआर, एफएच, केए, एचके, आयए, आयबीव्ही अशी आद्याक्षरेच आद्याक्षरे दिसतात. ती फोडली की संघ लक्षात राहतात. केआर म्हणजे रेक्याविक फुटबॉल क्लब. केए उत्तरेतल्या आकुरेयरी गावचा. आयए हा आक्रानेस गावचा क्रीडासंघ आणि आयबीव्ही वेस्तमन्नाएयार बेटांचा. एफएचचा मूळ अर्थ मात्र हाफ्नारफ्योर्दुरचा जिम्नॅस्टिक्स क्लब आणि एचकेचा कोपावोगुरचा हँडबॉल क्लब. ही नावे चुकून पडलेली नाहीत. इथला क्लब म्हणजे मुळात गावाची किंवा वस्तीची क्रीडासंस्था आणि फुटबॉल हा तिचा एक विभाग. कोल्हापुरात तालीम मंडळ म्हणजे नुसते अकरा खेळाडू नव्हेत, ती पेठेची संस्था असते. हे ज्याला ठाऊक आहे त्याला आइसलँडचा क्लब निराळा समजावून सांगावा लागत नाही.

एकाच नावाचे दोन क्लब असणे ही दुसरी अडचण. विकिंगुर रेक्याविकमध्ये आहे आणि ओलाफ्सविक या किनाऱ्यावरच्या गावातही आहे. लेक्निर नावाचेही दोन आहेत, एक रेक्याविकचा आणि एक पूर्व किनाऱ्यावरच्या फाउस्क्रुद्सफ्योर्दुरचा. म्हणून तक्त्यात नावापुढे गावाचे पहिले अक्षर छापतात. विकिंगुरपुढे आर असेल तर तो राजधानीतला, अनेकदा राष्ट्रीय विजेता ठरलेला संघ. ओ असेल तर ओलाफ्सविकचा. जुने निकाल धुंडाळताना हे अक्षर सुटले की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

तिरकी रेघ असलेले नाव म्हणजे जोडसंघ. उत्तरेतला कोर्माउकुर/ह्वोत हा दोन शेजारी गावांच्या क्लबांनी मिळून उभा केलेला संघ आहे. अकरा धड खेळाडू आणि राखीव फळी एका गावात भरत नसली की दोन गावे एकत्र येतात, पण आपापले नाव सोडत नाहीत. महिलांच्या फुटबॉलमध्ये असे संघ जास्त दिसतात. आकुरेयरीचा थोर/केए हा त्यातला सर्वात यशस्वी, २०१२ आणि २०१७चा राष्ट्रीय विजेता. त्याच गावात पुरुषांचे थोर आणि केए मात्र एकमेकांचे कडवे प्रतिस्पर्धी आहेत.

आता खेळाडूंची नावे. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते. वडिलांच्या नावाला मुलासाठी ‘सोन’ आणि मुलीसाठी ‘दोत्तिर’ जोडतात. मराठीत आपण मधले नाव वडिलांचे लावतो, तसलेच हे, फक्त शेवटी येते. त्यामुळे एका संघात तीन ‘सिगुर्दसोन’ दिसले तर ते भाऊ समजू नका, तिघांच्या वडिलांचे नाव सिगुर्दुर एवढाच त्याचा अर्थ. सामन्याच्या वर्णनातही खेळाडूचा उल्लेख त्याच्या स्वतःच्या नावाने होतो. शोध घेतानाही पहिल्या नावानेच घ्या.

दुसरी पायरी: शिडी पाठ करा, पण आकड्यांवर विसंबू नका

सर्वात वरचा विभाग म्हणजे बेस्ता देइल्द. ‘देइल्द’ म्हणजे विभाग आणि ‘बेस्ता’ म्हणजे सर्वोत्तम. हे व्यापारी नाव २०२२पासूनचे आहे. त्याआधी पुरस्कर्त्यांप्रमाणे बँकेचे नाव होते, मग शीतपेयाचे. संघटनेच्या कागदोपत्री विभागाचे मूळ नाव ‘उर्वाल्सदेइल्द’, म्हणजे निवडक विभाग. यात १२ संघ असतात.

त्याखाली ‘पहिला विभाग’ येतो. होय, दुसऱ्या थराला पहिला विभाग म्हणतात. व्यापारी नाव लेंग्युदेइल्द, खेळांवरच्या पैजांच्या एका योजनेवरून आलेले. यातही १२ संघ. मग तिसऱ्या थरावर ‘दुसरा विभाग’ आणि चौथ्यावर ‘तिसरा विभाग’, दोन्हींत बारा-बारा संघ. पाचव्या थरावरच्या ‘चौथ्या विभागा’त १० संघ आणि तळाला ‘पाचवा विभाग’. हा तळ एका साखळीत मावत नाही. तिथे संघांचे गट पाडतात आणि वर कोण जाणार ते शेवटच्या सामन्यांतून ठरवतात.

आकडा आणि थर यांत एकाचा फरक का पडतो? १९९६पर्यंत सर्वोच्च विभागालाच पहिला विभाग म्हणत. १९९७पासून त्याला ‘निवडक’ हे नाव मिळाले आणि खालचे सगळे विभाग एकेक आकडा वर सरकले. म्हणून एखाद्या संघाने १९९०मध्ये ‘दुसरा विभाग’ जिंकला असे वाचलेत तर तो दुसरा थर होता. २०१०मधला ‘दुसरा विभाग’ हा तिसरा थर. पाचव्या थराची आजची रचनाही नवी आहे. २०२२पर्यंत चौथा विभाग हाच तळ होता आणि तो अनेक गटांत विभागलेला असे. २०२३मध्ये त्यातून दहा संघांची एक साखळी वेगळी काढली आणि उरलेले पाचव्या विभागात गेले.

मोठ्या क्लबांचे ‘ब’ संघ या शिडीवर खेळत नाहीत, हेही ठाऊक असू द्या. त्याऐवजी मोठा क्लब एखाद्या छोट्या क्लबाशी नाते जोडतो आणि तरुण खेळाडू तिकडे खेळायला पाठवतो. वालुरच्या जवळचा केएच, केआरजवळचा केव्ही, आयएजवळचा काउरी, ब्रेयदाब्लिकजवळचा आउग्नाब्लिक. तिसऱ्या-चौथ्या थरावर एखादा संघ अचानक भलताच चांगला खेळू लागला, तर आधी त्याच्या अकरांत मोठ्या घरची पोरे किती आहेत ते मोजा.

तिसरी पायरी: बाविसाव्या फेरीनंतर काय होते ते नीट समजा

नवख्या माणसाची सर्वात मोठी चूक इथे होते, म्हणून इथे थोडे रेंगाळू.

बारा संघांनी एकमेकांशी घरी आणि बाहेर असे दोनदा खेळायचे म्हटले की २२ फेऱ्या होतात. युरोपातल्या साखळ्यांच्या मानाने हे कमी. तिसऱ्यांदा खेळायचे तर ३३ फेऱ्या होतील. एप्रिल ते ऑक्टोबर या मुदतीत चषकाचे आणि युरोपचे सामने सांभाळून तेवढ्या बसवणे अशक्य. शिवाय २२ फेऱ्यांच्या साखळीत मधल्या चार-पाच संघांचे शेवटचे सामने निरर्थक होत. २०२२मध्ये यावर जो तोडगा निघाला तो असा: २२ फेऱ्या संपल्या की तक्ता मधोमध कापायचा. वरच्या सहांची एक साखळी, खालच्या सहांची दुसरी. प्रत्येकाने आपल्या अर्ध्यातल्या पाचांशी आणखी एकेकदा खेळायचे. २२ आणि ५ मिळून २७ फेऱ्या.

यात चार गोष्टी लक्षात ठेवा. गुण पूर्णच्या पूर्ण पुढे जातात, निम्मे होत नाहीत. गोलफरकही तसाच पुढे चालतो. पाच सामने दोघांना समान वाटता येत नाहीत, म्हणून आपापल्या अर्ध्यातल्या पहिल्या तिघांना घरच्या मैदानावर तीन सामने मिळतात आणि उरलेल्या तिघांना दोन. तेव्हा बाविसाव्या फेरीअखेर तिसरे असणे आणि चौथे असणे यांत एका घरच्या सामन्याचा फरक आहे. आणि चौथी, सर्वात जास्त गोंधळ घालणारी गोष्ट: एकदा तक्ता कापला की कोणी रेषा ओलांडत नाही. सातव्या क्रमांकाच्या संघाने पुढचे पाचही सामने जिंकून सहाव्यापेक्षा जास्त गुण मिळवले तरी तो सातवाच राहतो. ऑक्टोबरच्या तक्त्यात खालच्या संघाचे गुण वरच्यापेक्षा जास्त दिसले तर ती छपाईची चूक नव्हे.

२०२४चा हंगाम या रचनेचा चांगला नमुना आहे. २६ फेऱ्या झाल्या तेव्हा विकिंगुर आणि ब्रेयदाब्लिक या दोघांचेही ५९ गुण होते. विकिंगुरचा गोलफरक सरस होता, म्हणजे शेवटच्या सामन्यात त्यांना बरोबरी पुरेशी होती. आणि तो सामना नेमका या दोघांतलाच होता, तोही विकिंगुरच्या मैदानावर. २७ ऑक्टोबरला ब्रेयदाब्लिकने ३-० असा तो जिंकला आणि ६२ गुणांवर विजेतेपद आपल्या गावी, कोपावोगुरला नेले. दुहेरी साखळीतही असा अंतिम सामना योगायोगाने पडू शकतो. पण वरचे सहाच संघ एकमेकांशी भिडणार असतील तर तशी शक्यता कितीतरी वाढते. विभागणी आणली ती मुख्यतः यासाठीच, आणि आमच्या मते तो निर्णय योग्य होता.

खालच्या अर्ध्यातली झुंज याहून जीवघेणी असते. अकरावा आणि बारावा संघ थेट खाली घसरतो, बचावाची आणखी संधी नाही. २०२५च्या शेवटच्या फेरीत केआर धोक्यात होता. हा २७ वेळा विजेता ठरलेला, १९१२ची पहिली स्पर्धा जिंकलेला, देशातला सर्वाधिक विजेतेपदांचा क्लब. त्यांना ईसाफ्योर्दुरला जाऊन वेस्त्रीशी खेळायचे होते आणि वेस्त्रीही तितकाच अडचणीत होता. केआरने ५-१ असा सामना जिंकला आणि वाचला. वेस्त्री आणि आफ्तुरेल्दिंग खाली गेले.

चौथी पायरी: तक्त्यातली अक्षरे चुकवू नका

आइसलँडच्या भाषेतला तक्ता उघडलात की संघाच्या नावापुढे एल, यू, जे, टी अशा चार अक्षरांखाली आकडे दिसतील. इंग्रजी तक्त्यांची सवय असलेला डोळा एलखालचा आकडा ‘हरलेले सामने’ म्हणून वाचतो आणि पहिल्या क्रमांकाचा संघ २७ सामने हरला असे समजून चक्रावतो. एल म्हणजे ‘लेइकिर’, खेळलेले सामने. यू म्हणजे ‘उन्निर’, जिंकलेले. जे म्हणजे ‘याफ्नतेफ्ली’, बरोबरी. टी म्हणजे ‘तोप’, हरलेले. पुढे ‘मोर्क’ या शब्दाखाली केलेले आणि झालेले गोल, आणि शेवटी ‘स्तिग’ म्हणजे गुण. ‘उमफेर्द’ म्हणजे फेरी, ‘हेइमा’ म्हणजे घरी, ‘उती’ म्हणजे बाहेर. एवढे नऊ शब्द पाठ केले की केएसआयचे संकेतस्थळ भाषांतराशिवाय वाचता येते.

ताळा करण्याची सोपी रीत अशी: यू, जे आणि टी यांची बेरीज एलइतकी यायला हवी आणि यूला तीनने गुणून त्यात जे मिळवले की स्तिग मिळायला हवेत. बेरीज जुळली नाही तर बहुधा आपण एक रकाना सरकून वाचत असतो. क्वचित एखाद्या संघाने अपात्र खेळाडू उतरवलेला असतो आणि निकाल प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने ३-० असा बदललेला असतो. अशा वेळी मैदानावर लागलेला निकाल आणि तक्त्यातला निकाल निराळे असतात. हिशेब तक्त्यातलाच धरायचा.

समान गुण असतील तर आधी गोलफरक बघतात. दोघांत झालेल्या सामन्यांचा निकाल पहिल्यांदा बघण्याची स्पेनमधली पद्धत इथे नाही.

पाचवी पायरी: वर कसे चढतात

लेंग्युदेइल्दमध्ये बारा संघ, २२ फेऱ्या. इथे विभागणी नाही. पहिला संघ थेट वर जातो. दुसरी जागा मात्र २०२३पासून वेगळ्या रीतीने ठरते. दुसऱ्या ते पाचव्या क्रमांकाचे चार संघ उपांत्य सामने खेळतात, एक घरी आणि एक बाहेर, दोन्हींची गोलबेरीज धरून. त्यातले विजेते दोघे रेक्याविकच्या लॉयगारदाल इथल्या राष्ट्रीय मैदानावर एकच अंतिम सामना खेळतात. हरला तो पुन्हा वर्षभर दुसऱ्या थरावर.

यात दुसऱ्या क्रमांकाच्या संघावर अन्याय होतो, असा आक्षेप सुरुवातीपासून आहे आणि तो खोटा नाही. २०२३मध्ये आफ्तुरेल्दिंग दुसरा आला होता. जुन्या नियमाने तो थेट वर गेला असता. अंतिम सामन्यात जादा वेळेत वेस्त्रीने त्यांना १-० असे हरवले. पुढच्या वर्षी आफ्तुरेल्दिंगने याच वाटेने केफ्लाविकला हरवून वरची जागा मिळवली आणि २०२५मध्ये केफ्लाविकने एचकेला हरवून. दरवर्षी हरलेला किंवा चुकलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात उभा असतो. पण सप्टेंबरात पाचव्या जागेसाठी सहा-सात संघ झगडत असतात, हेही खरे. पूर्वी ऑगस्टमध्येच त्यांचा हंगाम संपल्यात जमा असे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागात मामला सरळ आहे: पहिले दोन वर, शेवटचे दोन खाली.

सहावी पायरी: दुधाचा चषक

राष्ट्रीय चषकाला म्योल्कुरबिकार म्हणतात. ‘म्योल्क’ म्हणजे दूध, ‘बिकार’ म्हणजे चषक. पुरस्कर्ती दूधसंस्था आहे. १९८६ ते १९९६ या काळात हेच नाव होते आणि २०१८मध्ये ते परत आले. स्पर्धा १९६०पासूनची आहे. पहिल्या पाचही वर्षी केआर जिंकला.

पद्धत निखळ बाद फेरीची. एकच सामना, बरोबरी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी. परतीचा सामना नाही आणि पुन्हा खेळवणेही नाही, तारखाच नाहीत त्याला. वसंतात खालच्या थरांतले संघ पहिल्या दोन फेऱ्या खेळतात. त्या जोड्या होता होईल तो एकाच भागातल्या संघांच्या लावतात, कारण चौथ्या विभागातल्या संघाला देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवले तर त्याचे वर्षाचे पैसे एका प्रवासात संपतील. त्यातून २० संघ उरतात. बेस्ता देइल्दचे बारा संघ इथे येऊन मिळतात आणि बत्तीसांची फेरी भरते. पुढे सोळा, आठ, चार आणि लॉयगारदालवर अंतिम सामना.

चषकाचे मोल ज्याला कळून घ्यायचे असेल त्याने वेस्त्रीचा २०२५चा हंगाम बघावा. ईसाफ्योर्दुर हे वायव्य किनाऱ्यावरचे, उभ्या डोंगरांच्या कुशीतल्या फ्योर्डमधले, म्हणजे आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यावरचे, तीनेक हजार वस्तीचे गाव. राजधानीपासून रस्त्याने सुमारे साडेचारशे किलोमीटर. विमान आहे, पण धावपट्टी फ्योर्डमध्येच असल्याने वारा सुटला की उड्डाण रद्द. अशा गावचा संघ २२ ऑगस्टला अंतिम सामन्यात वालुरला १-० असे हरवून चषक घेऊन घरी गेला. क्लबाचे हे पहिलेच मोठे विजेतेपद. दोनच महिन्यांनी तोच संघ, वर सांगितल्याप्रमाणे, साखळीत खाली घसरला. साखळी आणि चषक यांचे हिशेब पूर्ण वेगळे असतात. चषक जिंकल्याने विभाग वाचत नाही आणि विभाग गेल्याने चषकाचा मान जात नाही. चषकविजेत्याची युरोपमधली जागाही त्याच्याकडेच राहते, तो आता दुसऱ्या थरावर खेळत असला तरी.

खालच्या विभागांसाठी २०२३पासून वेगळा चषक सुरू झाला आहे आणि त्याचाही अंतिम सामना राष्ट्रीय मैदानावर होतो. पहिला विजेता गार्दुर गावचा वीदिर. दुधाच्या चषकात बत्तीसांच्या पुढे क्वचितच पोचणाऱ्या संघांना लॉयगारदालच्या गवतावर अंतिम सामना खेळायला मिळतो, ही या स्पर्धेची मोठी देणगी. छोट्या संघांचे चाहते तिची वाट बघतात.

सातवी पायरी: हिवाळ्याचे निकाल वेगळे ठेवा

नोव्हेंबर ते मार्च या काळात मुख्य साखळी बंद असते, पण फुटबॉल थांबत नाही. २०००मध्ये केफ्लाविकजवळ पूर्ण आकाराचे पहिले छपराखालचे मैदान उभे राहिले आणि मग एकेक करत कोपावोगुर, रेक्याविक, आकुरेयरी इथेही झाली. त्याआधी हिवाळ्यात उघड्या कच्च्या मैदानांवर सराव चाले. कोपावोगुरचा एचके तर साखळीचे घरचे सामनेही कोरिन्न या छपराखालच्या मैदानातच खेळतो.

जानेवारीत राजधानीतल्या क्लबांची रेक्याविक स्पर्धा होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये लेंग्युबिकार, म्हणजे साखळी-चषक, गट पाडून खेळवतात. हा १९९६पासूनचा. मग हंगामाच्या तोंडावर आदल्या वर्षीचा साखळीविजेता आणि चषकविजेता यांचा एक सामना. यांतल्या कशानेही बढती-घसरण ठरत नाही. या सामन्यांवरून अंदाज बांधू नका. प्रशिक्षक इथे पोरांना उतरवतात, नवे खेळाडू पारखून बघतात, मधल्या काळात अर्धा संघ परदेशी सरावशिबिराला गेलेला असतो. फेब्रुवारीत सहा गोल खाणारा संघ जूनमध्ये अव्वल असल्याची उदाहरणे आहेत.

आठवी पायरी: महिलांची साखळी स्वतंत्रपणे शिका

महिलांची राष्ट्रीय साखळी १९७२ची आणि चषक १९८१चा. साखळीचा पहिला विजेता एफएच, सर्वाधिक वेळा विजेता ब्रेयदाब्लिक. सर्वोच्च विभागात दहा संघ आहेत, म्हणून आकडे बदलतात. १८ फेऱ्यांनंतर तक्ता कापतात, पण मधोमध नाही: वर सहा, खाली चार. वरचे सहा आणखी पाच-पाच सामने खेळतात, खालचे चार तीन-तीन. म्हणजे हंगामअखेर वरच्या संघांचे २३ सामने झालेले असतात आणि खालच्यांचे २१. एकूण गोलांच्या यादीत ही तफावत धरावी लागते. खालच्या अर्ध्यातल्या मुलीने केलेल्या १२ गोलांची बरोबरी वरच्या संघातल्या १२ गोलांशी करताना सामने मोजा. शेवटचे दोन संघ खाली जातात. २०२४चे विजेतेपद इथेही शेवटच्या दिवशी ठरले. वालुर आणि ब्रेयदाब्लिक यांच्यात ०-० झाले आणि एका गुणाने ब्रेयदाब्लिक जिंकला.

नववी पायरी: युरोपच्या जागा

पुरुषांत साधारण चार क्लब युरोपात जातात. साखळीविजेता चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत, चषकविजेता आणि साखळीतले पुढचे संघ खालच्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्यांत. चषक जिंकणारा संघ साखळीतही वरच असेल तर एक जागा मोकळी होते आणि ती साखळीतल्या पुढच्या क्रमांकाला मिळते. म्हणून ऑगस्टमध्ये चौथ्या क्रमांकाचा संघ चषकाच्या अंतिम सामन्यात कोणाच्या बाजूने उभा राहतो ते बघण्यासारखे असते.

पात्रता फेऱ्या जुलैत, ऐन हंगामात येतात, ही सोय. पुढची फेरी मात्र हंगाम संपल्यावर, अंधारात आणि बर्फात. २०२३मध्ये ब्रेयदाब्लिक गटफेरीत पोचणारा आइसलँडचा पहिला पुरुष संघ ठरला. २०२४मध्ये विकिंगुर कॉन्फरन्स लीग या युरोपच्या तिसऱ्या पायरीवरच्या स्पर्धेत बाद फेरीपर्यंत गेला. त्यांच्या स्वतःच्या मैदानाला युरोपच्या अटी पुऱ्या करता येत नव्हत्या, म्हणून शरदातले घरचे सामने कोपावोगुरला आणि तेही दिवसाउजेडी, दुपारी. फेब्रुवारी २०२५मधला ग्रीसच्या पनाथिनाइकोसविरुद्धचा ‘घरचा’ सामना तर फिनलंडमध्ये, हेलसिंकीला खेळावा लागला. तो त्यांनी २-१ असा जिंकला आणि अथेन्समध्ये ०-२ हरून बाहेर पडले. त्याच वर्षी लॉयगारदालच्या राष्ट्रीय मैदानावर संकरित, म्हणजे कृत्रिम धागे मिसळलेले, गवत बसवले गेले.

सामना बघायला बसण्यापूर्वी

आइसलँडचे घड्याळ वर्षभर बदलत नाही आणि भारत त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. संध्याकाळचे सामने बहुधा सव्वासातला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता आणि तारीख बदललेली. शनिवार-रविवारी दुपारी दोनचा सामना आपल्याला संध्याकाळी साडेसातला मिळतो. नव्या माणसाने तिथून सुरुवात करावी.

आयबीव्हीचा घरचा सामना असेल तर त्या दिवशी सकाळी वेळ पुन्हा तपासा. वेस्तमन्नाएयारला बोटीने जावे लागते. समुद्र शांत असेल तर लान्देयाहोप्न बंदरातून चाळीस मिनिटांची वाट. लाटा मोठ्या असल्या की बोट तिथे लागत नाही, थोरलाउक्सहोप्नहून जावे लागते आणि पावणेतीन तास मोडतात. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये असे वारंवार होते. पाहुणा संघ किंवा पंच अडकले की सामना पुढे ढकलला जातो, कधी त्याच दिवशी काही तासांनी, कधी पुढच्या आठवड्यात. ईसाफ्योर्दुरच्या विमानाचेही तेच. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तक्त्यातल्या संघांचे सामने सारखे नसतात. गुणांकडे बघण्याआधी एलखालचा आकडा बघायची सवय लावून घ्या.